‘अनैसर्गिक’ हा शब्द मागे घ्या : ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद. १९८४ साली, चौथीत असताना, आईचं बोट धरून पहिल्यांदा बालविभागात आले. सातवीत भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स इथल्याच कपाटातून घरी नेला आणि परत करायला आठ दिवस उशीर केला, म्हणून दंड भरला. पुढे नोकरी, लग्न, मुलं, आईचं आजारपण, सगळं याच शहरात झालं, आणि देवघेवीच्या खिडकीशी माझं जाणं कधी सुटलं नाही. त्या वाचनालयाबद्दल चारचौघांत पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

संस्थेचं नाव या पत्रात मी घेतलेलं नाही. मला नाव खराब करायचं नाही, एक निर्णय बदलून हवा आहे. यापूर्वी दोन पत्रं कार्यालयात दिली, पोच घेतली. सहा आठवडे झाले, उत्तर नाही. म्हणून हे खुलं पत्र.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ वरच्या मजल्यावर आमचा वाचक कट्टा भरतो. वय अठराच्या पुढे. सहा वर्षं मी तो चालवते. कोपरी, कळवा, घोडबंदर रोड, थेट दिव्याहून मुलं येतात. दोन-तीन ज्येष्ठही येतात. महिन्याला एक पुस्तक घेतो. भिंतीवर एक फळा आहे, त्याला आम्ही ‘अंदाजाचा फळा’ म्हणतो. लेखकाने सांगितलेलं नाही पण वाचताना आपल्याला जाणवलं, असं पात्रांच्या मनातलं काही असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून तिथे टाचायचं. अट एकच, पुस्तकातला पुरावा द्यायचा.

‘एकच प्याला’च्या महिन्यात सिंधूवर चिठ्ठ्यांची रांग लागली होती. तिचं सुधाकरवर प्रेम होतं, की पतिव्रतेचा धर्म मोडायची भीती होती? एका मुलीने लिहिलं होतं की सिंधूला कुणी विचारलंच नाही, गडकऱ्यांनीसुद्धा नाही. तेव्हा अध्यक्ष स्वतः वर आले होते, चिठ्ठ्या वाचून म्हणाले होते, ‘असं वाचलं पाहिजे.’ ते वाक्य मला पाठ आहे.

मग होम्स आला. दिव्याहून येणाऱ्या वीस वर्षांच्या एका मुलाने होम्स आणि वॉटसन यांच्या नात्यावर टिपण वाचलं. त्याचं म्हणणं असं की होम्सचं वॉटसनवर प्रेम आहे, आणि ते त्यालाही पुरतं कळलेलं नाही. पुरावा म्हणून त्याने ‘थ्री गॅरिडेब्स’ ही कथा घेतली. तिच्यात वॉटसनच्या मांडीला गोळी लागते. होम्स धावतो, त्याला सावरून खुर्चीत बसवतो, आणि त्या थंड, करड्या माणसाचे डोळे ओले होतात, ओठ थरथरतात. वॉटसन लिहितो की या मोठ्या मेंदूमागचं मोठं हृदय मी त्या एकदाच पाहिलं. मुलाने तो भाग दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना सगळे गप्प होते.

त्यावर चर्चा झाली, आणि ती एकतर्फी नव्हती. निवृत्त शिक्षक असलेले आमचे सर, वय चौऱ्याहत्तर, त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून टाचली : ‘जीव लावणारी मैत्री जगात उरलीच नाही का? प्रत्येक जिव्हाळ्याला प्रेमप्रकरण का म्हणायचं?’ एका बाईंनी तिसरीच गोष्ट काढली : वॉटसनची बायको मेरी, तिला काय वाटत असेल? होम्सचा निरोप आला की नवरा बॅग घेऊन निघतो, आणि होम्सचे लेखक डॉयल तिला पुढे एका वाक्यात मारून टाकतात. त्या रात्री फळ्यावर अठरा चिठ्ठ्या होत्या.

सोमवारी फळा रिकामा होता, चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत होत्या. सेलोटेपबरोबर भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले होते. शेजारी टाइप केलेली सूचना होती : ‘कट्ट्यावर साहित्यकृतींतील पात्रांच्या खासगी संबंधांविषयी, विशेषतः अनैसर्गिक संबंधांविषयी, तर्कवितर्क करण्यास मनाई आहे. आदेशावरून.’

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली त्या ‘अनैसर्गिक’ शब्दाबद्दल. हा शब्द तुमचा नाही आणि मराठीचाही नाही. १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली, तिच्या कलम ३७७ मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना शिक्षा ठेवली. तिथून तो आपल्या तोंडी बसला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन प्रौढ व्यक्तींमधला संमतीचा संबंध गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलेलं नाही. कायद्याने काढून टाकलेला शब्द वाचनालयाने भिंतीवर चिकटवावा, याचं मला फार वाईट वाटलं. त्या जिन्यावरून आठवड्याला कितीतरी तरुण मुलंमुली जातात. त्यांतल्या एखाद्याने तो शब्द स्वतःबद्दल वाचला असेल. त्याने काय केलं असेल? पुस्तक परत केलं असेल आणि पुन्हा आला नसेल. आपल्याला कळणारही नाही.

दुसरी तक्रार : ही मनाई सगळ्यांना सारखी नाही. तीन वर्षांपूर्वी वर्धापनदिनाला आपणच स्पर्धा घेतली होती, ‘या दोघांचं लग्न झालं असतं तर?’ पहिलं बक्षीस कच आणि देवयानीच्या लग्नावर लिहिलेल्या निबंधाला गेलं. परीक्षक मी होते. कचाने तर देवयानीला सरळ नकार दिला होता; तुझ्या वडिलांच्या पोटातून बाहेर आलो, म्हणजे तू माझी बहीण, असं सांगून. मूळ कथेतला नकार ओलांडून आपण त्यांचं लग्न लावलं, टाळ्या वाजवल्या, श्रीफळ दिलं. तेव्हा तर्कवितर्काला मनाई नव्हती. म्हणजे आक्षेप तर्काला नाही, त्या तर्कात दोन पुरुष आहेत याला आहे. तसं असेल तर सूचनेत तसं स्पष्ट लिहा. ‘पात्रांचे खासगी संबंध’ या पांघरुणाखाली ते झाकू नका.

तिसरा मुद्दा आपल्या एका सदस्यांनी मला जिन्यात सांगितला : ‘लेखकाने जे लिहिलंच नाही ते तुम्ही त्याच्या गळ्यात का बांधता?’ प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आपल्याकडे हे काम शतकानुशतकं चाललेलं आहे. माझी आजी मुरबाडची. जात्यावर बसली की ती विठ्ठलाच्या संसारावर ओव्या म्हणायची. विठ्ठल जनीसंगे दळायला बसतो, रखुमाईला संशय येतो, ती रुसते, मग तिची समजूत काढायची. पंढरपुरात रखुमाईचं देऊळ वेगळं का, याचं उत्तर त्या बायका आपापल्या परीने, आपल्या घरातल्या अनुभवावरून देत होत्या. देवांच्या नात्यांविषयी असा विचार करणं त्यांना पाप वाटलं नाही. जांभूळ आख्यान घ्या. द्रौपदीच्या मनात कर्ण भरला, कृष्णाने ते ओळखलं, आणि तिने मनातलं कबूल केल्यावर तुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागलं. व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. लोकांनी द्रौपदीकडे पाहिलं, कर्णाकडे पाहिलं, आणि त्यांना जे वाटलं ते त्यांनी गायलं. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर आणलं तेव्हा महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये धर्मराज विदुराचा मुलगा असेल का, असा प्रश्न पुराव्यानिशी उभा केला, त्या पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक आपल्याकडे आहे, मी तीनदा नेलं आहे.

आजची मुलं याला ‘शिप करणं’ म्हणतात. रिलेशनशिपमधला शिप. शब्द नवा आहे, नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी मालिकाप्रेमींकडून आला. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांवर प्रेमकथा लिहून हाताने छापलेल्या अंकांतून वाटल्या जात, आणि लिहिणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्या काय करत होत्या हे माझ्या आजीला समजावून सांगावं लागलं नसतं.

होम्सच्या बाबतीत तर वाचकांनी लेखकाचं कधी ऐकलंच नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं (आपलं वाचनालय त्यानंतर कित्येक वर्षांनी). त्याच वर्षी डॉयलनी होम्सला धबधब्यात संपवला. वाचक गप्प बसले नाहीत, आणि १९०३ साली तो जिवंत होऊन परत आला. १९४१ मध्ये रेक्स स्टाउट या नामांकित रहस्यकथा लेखकाने होम्सप्रेमींच्या मेळाव्यात निबंध वाचला की वॉटसन ही बाई होती, आणि त्यासाठी कथांमधलेच दाखले दिले. बेकर स्ट्रीटवरच्या त्या घरात नेमकं काय नातं होतं, हा प्रश्न आमच्या दिव्याच्या मुलाने जन्माला घातलेला नाही.

आणि लेखक लिहीत का नाही, हेही विचारायला नको का? मुलाच्या टिपणातला हा भाग मला सगळ्यात भिडला. ३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकी मासिकाच्या संपादकाने दोन लेखकांना जेवायला बोलावलं, कॉनन डॉयल आणि ऑस्कर वाइल्ड. त्या एका जेवणातून डॉयलची होम्सवरची दुसरी कादंबरी निघाली आणि वाइल्डची ‘डोरियन ग्रे’. सहा वर्षांनी, १८९५ मध्ये, वाइल्ड कोर्टात उभा होता आणि त्याच्याच कादंबरीतले उतारे त्याच्याविरुद्ध वाचून दाखवले जात होते. पात्र पुरुषाबद्दल असं बोलतं, म्हणजे लेखक कसा माणूस असेल, असा तो सवाल-जवाब होता. वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. त्या काळातल्या इंग्रज लेखकाने दोन पुरुषांचं प्रेम उघड लिहिलं नाही, यावरून ते त्याच्या मनात नव्हतंच असं ठरवता येत नाही. होतं असंही ठरवता येत नाही. म्हणूनच तर अंदाज करायचा. कधी लेखक पुढे स्वतःच सांगतो. हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक जुलै २००७ मध्ये आलं, आणि डम्बलडोर समलिंगी आहे हे रोलिंगनी ऑक्टोबरमध्ये एका कार्यक्रमात सांगितलं. ज्यांनी आधीच तसं वाचलं होतं, त्यांनी पुस्तकाची विटंबना केली होती का?

मराठीतही हा विषय आज उगवलेला नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१चं. एका मुलीच्या दुसऱ्या मुलीवरच्या प्रेमाचं नाटक, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. आपण १९८१च्या मागे जाऊ नये.

सरांच्या आक्षेपाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, कारण तो मी मनावर घेतला आहे. दोन पुरुषांच्या मायेला लगेच प्रेमाचं नाव दिलं तर साध्या मैत्रीला जागा राहत नाही, मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायलाही कचरतील, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. मी स्वतः होम्स-वॉटसनमध्ये मैत्रीच वाचते, आजही. पण खांद्यावर हात ठेवायला मुलं कचरतात ती फळ्यावरच्या चिठ्ठीमुळे नाही. त्या हाताचा अर्थ कुणी ‘तसला’ लावला तर आपलं काय होईल, या भीतीमुळे. ती भीती आपल्या सूचनेने वाढवली. आणि सरांची चिठ्ठीही त्याच टोपलीत गेली. ज्या मताचं आपण रक्षण करायला निघालात, तेच आपण फाडलंत.

आता शेवटची तक्रार. ती लिहिताना मला अजूनही त्रास होतो.

त्या सोमवारनंतर मुलगा पुस्तक परत करायला आला, तेव्हा कार्यालयात त्याला विचारलं गेलं, ‘तूही त्यातलाच का रे?’ देवघेवीच्या खिडकीवर चार माणसं उभी असताना. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी सभासदत्वाच्या अर्जावरचा फोन नंबर काढून त्याच्या घरी फोन गेला. नंबर वडिलांचा होता. ‘तुमचा मुलगा इथे कसल्या विषयावर बोलतो ते तुम्हाला माहीत असावं,’ असं सांगण्यात आलं.

त्या मुलाने स्वतःबद्दल आमच्यापाशी कधी एक शब्द काढलेला नाही. आम्ही विचारला नाही. विचारणार नाही. तो एका शंभर वर्षांपूर्वीच्या कथेतल्या दोन माणसांविषयी बोलला होता. आपण पात्रांबद्दलचं मत वाचकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरलंत, १८९५च्या त्या कोर्टाने वापरलं तसंच. त्या घरात त्या रात्री काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्याचा मला हक्क नाही. एवढंच सांगते की त्यानंतर तो एकदाच तलावपाळीवर भेटला. मासुंद्याच्या कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, ‘मावशी, मी आता नाही येणार. तुम्ही चालू ठेवा.’ हातात पुस्तक नव्हतं. सहा महिन्यांत त्याला पुस्तकाशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं.

सभासदाने विश्वासाने दिलेला नंबर हा पुस्तक थकलं तर कळवण्यासाठी असतो. त्याचा असा वापर कुठल्याही वाचनालयाने करू नये.

आम्हालाही मर्यादा मान्य आहेत, आणि त्या आम्ही आधीपासून पाळतो. अल्पवयीन पात्रांबद्दल असला अंदाज फळ्यावर कधीच लागलेला नाही, लागणार नाही. बालविभाग पाचला बंद होतो आणि कट्टा सहाला सुरू होतो, तो क्रम बदलणार नाही. खऱ्या माणसांबद्दल, नट-नट्यांबद्दलही, अंदाज बांधायचे नाहीत. २०२२ मध्ये दोन मुलांच्या प्रेमावरच्या ‘हार्टस्टॉपर’ या मालिकेतल्या अठरा वर्षांच्या किट कॉनर या नटाच्या मागे प्रेक्षक लागले, पात्रासारखाच तू आहेस की नाहीस ते सांग म्हणून. त्याला अखेर सांगावं लागलं, आणि मला हे सांगायला भाग पाडलंत, असंही तो म्हणाला. तो किस्सा आम्ही कट्ट्यावर मुद्दाम चर्चेला घेतला होता. पात्राच्या मनात डोकवावं, माणसाच्या मनाचं दार वाजवू नये, हा फरक आमच्या विशीतल्या मुलांना नीट कळतो.

माझ्या मागण्या :

१. भिंतीवरची सूचना काढावी, आणि ‘अनैसर्गिक’ हा शब्द वापरल्याबद्दल त्याच जागी दिलगिरीची सूचना लावावी, निदान महिनाभर.

२. त्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची संस्थेने लेखी माफी मागावी. ती खासगी असावी. त्याचं नाव कुठल्याही सूचनेत, इतिवृत्तात किंवा सभेत येऊ नये.

३. सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते देवघेवीखेरीज कशासाठीही वापरले जाणार नाहीत, असा ठराव कार्यकारिणीने करावा आणि तो अर्जावर छापावा.

४. कट्ट्याला नियम लावायचा असेल तर तो सगळ्या पात्रांना सारखा असावा. कच-देवयानीला चालतं ते होम्स-वॉटसनलाही चालावं. नियम ठरवताना कट्ट्यातल्या दोघांना बैठकीला बोलवावं, त्यांतले एक सर असावेत.

५. फळा परत लावावा. रंगाचा खर्च आम्ही वर्गणी काढून देऊ.

येत्या दुसऱ्या शनिवारी सहा वाजता आम्ही नेहमीसारखे येणार आहोत. वरचा हॉल उघडा असेल तर तिथे बसू, नसेल तर जिन्यात बसू. पुस्तक ‘युगान्त’ आहे.

टोपलीतून मी ज्या चिठ्ठ्या उचलल्या त्या माझ्याकडे पाकिटात आहेत, सतरा. अठरावी सापडली नाही. ती त्या मुलाने आठ-वीसची लोकल गाठायच्या घाईत, सगळे निघत असताना, सरांच्या चिठ्ठीखाली टाचली होती. कुणीच वाचली नव्हती. कार्यालयात ती कुणाकडे असेल तर कृपया ठेवून द्या, मी येऊन घेऊन जाईन. पोरानं काय उत्तर दिलं होतं, हे सर मला प्रत्येक वेळी विचारतात.

आपली,
एक आजीव सभासद
नौपाडा, ठाणे